फिनोलाचं धरणं

"घंटा देता की नाही, एवढंच सांगा बाबा."

बाबा कोलमान बांगडा साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला हवी?"

"वितळवायला. तिची तोफ ओतायची आहे."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसरा बांगडा हातात घेतला.

विचारणारी फिनोला होती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा इंग्रजांच्या राणीचा अंमल पसरत चालला होता, आणि जिथे तो अडायचा तिथे बहुधा फिनोलाची गलबतं आडवी आलेली असायची. बापामागे टोळीची सरदारकी तिच्याकडे आली तेव्हा भाऊबंद पोट धरून हसले होते. पुढे त्यातले निम्मे तिच्या गलबतांवर वल्ही मारू लागले आणि उरलेले तिला जकात भरू लागले. पन्नाशी उलटली तरी वादळात सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. बाई पराक्रमी होती यात शंकाच नाही. फक्त तिला ते जरा जास्तच ठाऊक होतं.

बाबा कोलमान एका खडकाळ बेटावर, पडक्या मठात एकटेच राहत. फिनोलाचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. त्यांच्या वैराग्याची कीर्ती दूरवर होती. घर सोडलं, जमीन सोडली, भावकी सोडली. लोण्यात परतलेला बांगडा मात्र त्यांना काही सोडता आला नव्हता, आणि तसा प्रयत्न केल्याचंही कुणाच्या ऐकिवात नाही.

फिनोलाचं दुखणं साधं नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा टायग इंग्रजांच्या हाती सापडला होता. खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्यात त्याला कोंडलं होतं. किल्लेदार सर एडमंडचा निरोप आला होता. फिनोलाने आपली गलबतं स्वतःच्या हाताने जाळावीत, मग किल्ल्याच्या दरवाजाशी येऊन चारचौघांत गुडघे टेकावेत. सेंट मायकेलच्या सणापर्यंत हे झालं नाही तर पोराला फासावर चढवणार.

"गुडघे टेकायचे," फिनोला म्हणाली. "मी."

"हं."

"त्याच्यापुढे."

"मीठ तेवढं दे इकडे," बाबा म्हणाले.

तिने मीठ दिलं. मग पुन्हा घंटेवर आली. बाबांनी सांगितलं, हवी तर काढून ने, मठाला दार नाही आणि तुला अडवण्याइतका माझ्या अंगात जोर नाही. फिनोलाने मागे वळून खलाशांना खूण केली. हे खलाशी तोफांच्या माऱ्यात शीळ घालत वल्ही मारणारे. पण घंटेकडे पाहिल्याबरोबर ते एकमेकांच्या पाठीमागे सरकायला लागले. मठाची वस्तू साधूने मनापासून दिल्याखेरीज गलबतावर चढवली तर गलबत बुडतं, हे त्यांना आईच्या दुधाबरोबरच कळलेलं होतं.

"मग मनापासून द्या," फिनोला बाबांना म्हणाली.

"मनातून येत नाही."

झालं. फिनोलाचं डोकं फिरलं. तिने मठाच्या आवारातल्या बाबांच्या झोपडीच्या दारात, अगदी उंबऱ्यालगत बसकण मारली आणि जाहीर केलं, की घंटा मिळेपर्यंत आपण इथून हलणार नाही आणि अन्नाचा कण तोंडात घालणार नाही.

खलाशांनी टोप्या काढल्या. बाबांच्या हातातला झारा थांबला.

त्या मुलखात ही फार जुनी रीत होती. मोठ्याने लहानाचं काही अडवून धरलं आणि दाद कुठेच लागत नसली, तर लहानाने मोठ्याच्या दारात उपाशी बसायचं. आपल्याकडे धरणं धरतात तसंच. आणि दारात माणूस उपाशी असताना घरात जो जेवला तो मेल्यातच जमा. त्याचा शब्द कुणी धरायचा नाही, त्याच्या पंक्तीला कुणी बसायचं नाही. दारातल्याचं गाऱ्हाणं खरं असो वा खोटं, चूल पेटवायची नाही आणि घास उचलायचा नाही.

बांगडे नुकते तव्यावर पडले होते. लोण्याचा वास सुटला होता.

बाबांनी तवा उतरवला. झाकण ठेवलं. थोडा वेळ प्रार्थना केली. मग झाकण उचलून पाहिलं.

"पोरी, थंड होताहेत."

"होऊ द्या."

बाबा बाहेर जाऊन समुद्र बघून आले. परत आले. फिनोला होती तिथेच होती. ऊन कलायला लागलं तसा बाबांचा चेहरा उतरत गेला. सत्तर वर्षांच्या तपश्चर्येने जे झालं नव्हतं ते आता होत होतं, त्यांना जगाचा वीट येत होता.

शेवटी ते म्हणाले, "ने घंटा."

"मनापासून?"

"पोटापासून."

खलाशांनी विचारविनिमय करून हे चालेल असं ठरवलं. फिनोला उठली. बाबांनी थंडगार बांगडा एका दमात संपवला, दुसऱ्याला हात घातला, आणि मग कुठे त्यांना बोलायला सवड झाली.

"तुझ्या कमरेला तलवार आहे."

"आहे."

"खाली चार गलबतं उभी आहेत."

"सहा."

"सहा. त्यांना मी भ्यालो?"

"नाही."

बाबा काटे काढत राहिले…

फिनोलाच्या लक्षात यायला वेळ लागला, पण आलं. तशी ती लाल झाली. दारात बसणं हे लहानाचं काम, ती म्हणाली. बाबांची गोष्ट वेगळी, त्यांच्यापुढे ती लहानच होती. पण सहा गलबतांची मालकीण इंग्रजाच्या दारात बसणार म्हणजे तो मोठा आणि आपण लहान, असं आपणच दवंडी पिटून सांगायचं.

"तो मोठा आहे का?" बाबांनी विचारलं.

"मुळीच नाही."

"मग तुझ्या बसण्याने होईल?"

तिने दुसरी अडचण काढली. त्या मेल्याला इथली रीत ठाऊक नाही. आपण खाली उपाशी बसू आणि तो वर खुशाल कोंबडी झोडेल.

"झोडेल कदाचित."

"मग?"

"मग तोफ ओत. घंटा दिलीच आहे."

फिनोलाने घंटेकडे पाहिलं. खलाशांनीही पाहिलं. तेवढ्याशा घंटेची तोफ झाली असती ती फार तर शेतातले कावळे उडवायच्या कामाची. रागाच्या भरात हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती घंटा न घेताच गेली.

पुढचं सगळ्या किनाऱ्याने पाहिलं. फिनोलाने गलबतं घरी पाठवली, तलवार पुतण्याकडे दिली, आणि एक जाड शाल पांघरून ती किल्ल्याच्या दरवाजासमोर जाऊन बसली.

सर एडमंडला हर्ष झाला. त्याला वाटलं बाई शरण आली, आता गुडघे टेकेल. पण ती मांडी घालून बसली होती. काय पाहिजे म्हणून विचारायला त्याने दुभाष्या पाठवला. तिने सांगितलं, मुलगा पाहिजे. देत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, बरं, बसते. सर एडमंड हसला आणि जेवायला आत गेला.

आत जेवण नव्हतं.

किल्ल्यात स्वयंपाकाला सोर्का नावाची गावातलीच बाई होती. तिने चूल विझवली होती, भांडी पालथी घातली होती आणि हात बांधून ती बसली होती. सर एडमंडने खुलासा मागितला. दारात माणूस उपाशी बसलंय, चूल पेटणार नाही, असं सोर्काने सांगितलं. तो म्हणाला, ती तुझी कोण लागते? सोर्का म्हणाली, लागते कोण, वैरीण लागते. माझ्या नवऱ्याची होडी तिने माशांसकट पळवली होती, तिचं तळपट होवो. पण चूल पेटणार नाही.

त्याने धमकावलं, फटके मारीन म्हणाला. ती म्हणाली, मारा. फटक्यांनी पाठ सोलते, भाकरी भाजली जात नाही.

गवळणीने दूध आणलं नाही. भटारखान्यातल्या पोरी घरी गेल्या. कोळ्यांनी खाडीतले मासे खाडीतच ठेवले. यातल्या निम्म्या लोकांना फिनोलाने कधी ना कधी लुटलेलं होतं आणि तिच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. पण रीत ती रीत. वैर काय, नंतरही करता येतं.

किल्ल्यात उपासमार होती असं नाही. शिपायांकडे जहाजावरची टणक बिस्किटं पोतीभर होती. ती भिंतीवर आपटून आधी किडे पाडायचे आणि मग दाढेखाली धरून बसायचं. शिपायांचं त्यावर भागत होतं. खरी पंचाईत सर एडमंडची झाली. इंग्लंडातल्या बड्या लोकांना साखरेचा नाद लागला होता आणि त्या नादापायी त्याचे दात केव्हाच गेले होते. उरले होते ते दुखण्यापुरते. सोर्काच्या हातची मऊ लापशी आणि मटणाचा रस्सा, एवढ्यावर इंग्रजी साम्राज्याचा हा खांब उभा होता.

एका शिपायाने लापशी रांधायचं मनावर घेतलं. तो मूळचा चांभार होता. लापशी उलथली तेव्हा ती पातेल्याचा आकार घेऊनच बाहेर आली. पुढे ती दाराला टेकण म्हणून लावत.

मग सर एडमंडला युक्ती सुचली. बाई जेवली की चूल पेटणार, तर बाईलाच जेवू घालावं. त्याने शिपायांकडून एक हंस भाजवून तिच्यापुढे ठेवला. तो बाहेरून करपला होता आणि आतून जवळजवळ जिवंत होता. फिनोलाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हंस किल्ल्यातल्या कुत्र्याने पळवला, आणि तटावरून बघणाऱ्या सर एडमंडच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिला गोळी घालावी असंही त्याच्या मनात आलं होतं. पण त्याने लंडनला कळवलं होतं ते भयंकर समुद्री दरोडेखोर बाईविषयी. शाल पांघरून बसलेल्या उपाशी म्हातारीला मारलं, हे कुठल्या तोंडाने कळवायचं? तसंही तोंडाची अवस्था बरी नव्हती.

अखेर तो स्वतः बाहेर आला. टोपी हातात होती. गालफडं बसली होती. मुलाला घेऊन जा, तो म्हणाला. गलबतं ठेव तुझी, मला नकोत. फक्त सगळ्यांना दिसेल असा एक घास खा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तोवर फिनोलाच्या धरण्याची बातमी पसरली होती. चारी बाजूंनी माणसं जमली होती. कुणी तिला बसायला खुर्ची आणली होती, कुणी डोक्यावर शिडाचं कापड ताणलं होतं. एक भाट तिची वंशावळ गात होता आणि ती तिसऱ्यांदा गायला सांगत होती. पोटात अन्न नसलं की स्तुती लवकर चढते. उपासाला बसली होती एक बाई, आता तिथे दरबार भरला होता.

फिनोलाने सर एडमंडकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी गुडघे टेक," ती म्हणाली.

दुभाष्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. सर एडमंडचा चेहरा पांढरा पडला. तो वळून आत गेला. लोकांनी जल्लोष केला.

दुसऱ्या दिवशीही तो आला, तसाच टोपी हातात घेऊन. तिचं म्हणणंही तेच. त्यानंतर तो यायचा बंद झाला आणि किल्ल्यातून काही कळेनासं झालं. सोर्का तेवढी दरवाजाशी येऊन फिनोलाकडे टक लावून बघत उभी राही आणि परत जाई.

अशात एका सकाळी बाबा कोलमान आले. छोट्या होडीतून आले, स्वतःच वल्हवत, काखेत फडक्याची पुरचुंडी घेऊन. गर्दीने वाट दिली.

फिनोलाचा आवाज बारीक झाला होता, पण उत्साहाला तोटा नव्हता. तिने बाबांना सगळं सांगितलं. सोर्काचं सांगितलं, हंसाचं सांगितलं, टोपीचं तर दोनदा सांगितलं. आता फार तर एखादा दिवस, ती म्हणाली. मग तो गुडघ्यांवर येतो की नाही बघा.

बाबा तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. खुर्ची त्यांनी नीट न्याहाळली.

"छान आहे."

"लोकांनी आणली."

"हं."

त्यांनी पुरचुंडी सोडली. आत ओटाची एक जाड भाकरी होती. तिचे त्यांनी दोन तुकडे केले, आणि दोन्ही फडक्यावर ठेवून दिले. स्वतः एकालाही हात लावला नाही. बाबांना ओळखणाऱ्या लोकांना ही गोष्ट जरा चमत्कारिक वाटली.

"किल्ल्यातली चूल बंद आहे म्हणतेस."

"कडकडीत बंद."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची," फिनोला अभिमानाने म्हणाली. "आत एकाला एक घास…"

ती थांबली.

बाबा भाकरीवरची माशी हाकलत होते.

फिनोला किल्ल्याकडे बघू लागली. वरच्या खिडक्यांकडे नाही, तळाशी तटाला कोठडीचा गजांचा एक झरोका होता तिकडे. भाट वंशावळीत तिच्या पणजोबांपर्यंत पोचला होता. तिने हात वर केला तसा तो मध्येच गप्प झाला.

"बाबा, शिपाई बिस्किटं खातात."

"खातात ना."

"कैद्याला देत असतील… एखादं."

बाबांनी फडकं तिच्याकडे सरकवलं.

कैद्याचं ताट सोर्काच्या चुलीवरूनच जायचं. सगळ्या किनाऱ्याला हे ठाऊक होतं, फिनोलालाही ठाऊक होतं. ज्याच्यासाठी ती उपाशी बसली होती, तोच तिच्यापायी उपाशी पडला होता. आणि सर एडमंड टोपी घेऊन आला त्या दिवशीच तिला टायगला जेवू घालता आलं असतं. त्या दिवसापासून तिला पोराची आठवण झाली नव्हती. गुडघ्यांची झाली होती.

फिनोलाच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात ती पहिल्यांदाच घाबरली असावी, निदान लोकांना दिसेल अशी. तिने फडक्यावरचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. बाबांनी पाणी दिलं.

सोर्का दरवाजाशी उभीच होती. फिनोलाचा घास गिळून झालेला तिने पाहिला, वळली आणि आत पळाली. सर एडमंडला ती जाताजाता एवढंच म्हणाली, की पोराला सोडायचं कबूल केलंय ते विसरू नका, नाहीतर उद्या मी स्वतः दारात बसेन. ते ऐकून किल्लेदाराने कुलपाच्या किल्ल्या स्वतःच्या हाताने काढून दिल्या. धुराड्यातून धूर निघाला तेव्हा पहाऱ्यावरच्या इंग्रज शिपायांनी टोप्या उडवल्या.

दरवाजा उघडला. टायगला दोघा शिपायांनी आधार देऊन आणलं होतं. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. आईला बघून तो हसला, आणि लगेच त्याची नजर फडक्यावरच्या भाकरीकडे गेली.

फिनोला खुर्चीवरून उठली ती धडपडलीच. तिने दुसरा तुकडा पाण्यात बुडवला आणि लहान मुलाला भरवतात तसा कण कण करून त्याला भरवला. भरवताना ती रडत होती आणि तिला ते लपवायचं सुचत नव्हतं. लोकांनी माना वळवल्या. भाटालाही यात गाण्यासारखं काही सापडेना, तो आपलं वाद्य पिशवीत घालू लागला.

गर्दी पांगली. ज्याने खुर्ची आणली होती त्याने ती उचलून नेली. आतून रश्शाचा वास येऊ लागला. सर एडमंड काही परत बाहेर दिसला नाही. तो स्वयंपाकघरात चुलीपाशी वाडगा धरून उभा होता म्हणतात.

पोराच्या अंगात जरा धुगधुगी आली, तेव्हा फिनोलाने डोळे पुसले. शाल झटकली. मग तिने किल्ल्याच्या दरवाजाकडे पाहिलं, आणि बाईचा स्वभाव पुन्हा जागेवर आला.

"एक मात्र राहिलं, बाबा," ती म्हणाली. "त्याने गुडघे टेकायचे राहिलेच. आणखी थोडं ताणलं असतं तर टेकले असते त्याने."

बाबांनी फडकं झटकलं. त्यात एक चुरा निघाला, तो तोंडात टाकला.

"उपाशी माणूस कुणापुढेही गुडघे टेकतो, पोरी. जेवून उठलेला एखादा टेकताना दिसला, तर मला येऊन सांग."